उभयतांनी जावे बुधवार पेठेला



हल्ली एक नवी चाल पडली आहे. नोकरीत जरा बस्तान बसलेली जोडपी तीन-चार दिवसांसाठी परदेशी जाऊन येतात. बँकॉक, सिंगापूर, दुबई अशी नावे आता आपल्या वस्तीतही ऐकू येतात. बाजार करायचा, नवे पदार्थ खायचे, चार ठिकाणे पाहायची आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचे. आपल्या समाजातली शिकलेली मुलेही जातात. ज्यांच्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते त्यांची पणतवंडे विमानात खिडकीजवळ बसतात, याचा आम्हाला आनंदच आहे.

पण आमचा बहुसंख्य वाचक तो नव्हे. तो महापालिकेच्या सफाई खात्यात आहे, कंपनीत कंत्राटी हेल्पर आहे, रिक्षा चालवतो, वॉचमनची रात्रपाळी करतो. आमची वाचक भगिनी चार घरची धुणीभांडी करते, अंगणवाडीत जाते, भाजीची पाटी लावते. या नवराबायकोने काय करावे? त्यांनी कधी दोघेच, सोबत, कुठे जाऊच नये काय?

आपण प्रवास करीत नाही असे नाही. १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, हे आपले नेमाचे प्रवास. ते सगळ्या समाजाबरोबर होतात, कडेवर लेकरू आणि डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन होतात. त्याखेरीज लग्न, बारसे, मयत आणि दवाखाना. आमच्या ओळखीच्या एका भगिनीला आम्ही विचारले, "तुम्ही आणि भाऊ दोघेच शेवटचे कुठे गेला होता?" त्यांनी बराच वेळ आठवून सांगितले, "ह्यांचा हात मोडला तेव्हा प्लास्टर घालायला."

या उत्तरावर आम्ही हसलो, पण रात्री घरी हिशेब केला तर आमचे उत्तरही फार वेगळे निघाले नाही. लग्नाला तीस वर्षे झाली होती. तीस वर्षांत दोघेच असे आम्ही कुठेही गेलेलो नव्हतो.

ही चैन आहे काय?

पहिला प्रश्न पैशाचा. घरात दहा नड असताना नवराबायकोने हिंडायला जावे ही उधळपट्टी नाही काय? या प्रश्नाला आपल्या धम्मातच उत्तर आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला संसाराचे धडे दिले आहेत. त्यात कमाईची वाटणी सांगितली आहे. मिळकतीचे चार भाग करावे, एक भाग खाण्यापिण्यात व सुखात घालवावा, दोन भाग कामधंद्यात घालावे आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. याच सुत्तात पतीची पाच कर्तव्ये दिली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील सत्ता तिच्या हाती देणे आणि तिला दागिना-वस्त्र देणे ही ती पाच होत.

परमपूज्य बाबासाहेबांनीही २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत भगिनींना सांगितले होते की, लग्नानंतर पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची सहकारी म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. आता मैत्री म्हटली की मित्र जे करतात ते करायला नको काय? मित्र सोबत हिंडतात, चहा पितात, बाजार पाहतात, गप्पा मारतात. नवराबायकोच्या मैत्रीला मात्र आपण स्वयंपाकघराचा ओटा आणि पगाराची तारीख एवढीच जागा ठेवली आहे.

तेव्हा आम्ही ठरवले. एक रिकामा डबा घेतला आणि महिन्याला पाचशे रुपये त्यात टाकायला सुरुवात केली. वर्षभरात सहा हजार जमले. कर्ज नाही, उसनवारी नाही. लेक नर्स आहे. ती म्हणाली, "बाबा, मी घालते भर, महाबळेश्वरला जा." आमच्या घरच्यांनी, म्हणजे आयुष्मतींनी, एका शब्दात उत्तर दिले, "पुण्याला."

"पुण्यात कुठे?"

"बुधवार पेठेत."

लेक हसू दाबत आत गेली. कंपनीत सांगितले तर तिथे हसणे कोणी दाबलेही नाही. दोघातिघांनी टाळ्याच दिल्या. बुधवार पेठ म्हटले की पुरुषांच्या तोंडावर जे हसू येते ते वाचकांना ठाऊक आहे. आयुष्मतींना आम्ही ते सांगितले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलींची शाळा जिथे निघाली त्या पेठेचे नाव घेतले की हसू यावे, याची लाज त्यांना वाटायला हवी. आपल्याला कशाची?"

यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. जानेवारी २०२५ मधला एक शनिवार-रविवार ठरला.

पाहुणचार नको

पुण्यात आमचे नातेवाईक आहेत. त्यांच्याकडे उतरलो असतो तर राहण्याचा खर्च वाचला असता. पण मग काय झाले असते ते प्रत्येक भगिनीला माहीत आहे. आम्ही गादीवर बसून गप्पा मारल्या असत्या आणि आयुष्मती त्यांच्या जावेच्या ओट्यावर पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या असत्या. कुणी सांगितले नसते, पण राहिल्या असत्या. आपल्या बाईला पाहुणचारातही सुट्टी नाही. म्हणून स्टेशनाजवळच्या एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली. नातेवाईक नंतर रागावले, "पुण्यात येऊन लॉजवर राहिलात?" आम्ही खरे कारण सांगितले. भाऊ गप्प झाले, पण वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वेळी मलाही न्या."

सकाळची इंद्रायणी एक्स्प्रेस कल्याणला धरली. कर्जतला गाडी थांबल्यावर वडापाव झाला. घाटात थंडी होती. आयुष्मती खिडकीशी बसून बोगदे मोजत होत्या. नळाला पाणी येण्याची वेळ झाली की त्यांचा हात आपोआप हातातल्या पिशवीकडे जाई, जणू हंडाच उचलायचा आहे. तीस वर्षांची सवय अशी एका सकाळीत सुटत नाही.

पुणे स्टेशनाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन केले आणि मेट्रोत बसलो. सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. तिथला भुयारी फलाट शंभर फुटांहून खोल आहे. सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना आयुष्मतींनी आमचा दंड घट्ट धरला. तीस वर्षांत चारचौघांत त्यांनी आमचा हात धरल्याचे आम्हाला आठवत नाही. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आहे. मंडई स्थानकावर उतरले की वर पेठांचा जुना गजबजाट.

मंडई आणि तुळशीबाग

मंडईची दगडी इमारत, तिचा उंच मनोरा आणि खाली भाजीचे ढीग पाहण्यासारखे आहेत. ही इमारत १८८६ साली उघडली. तिला आज महात्मा फुले यांचे नाव आहे. यातली गंमत वाचकांना सांगितली पाहिजे. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा असे त्यांचे म्हणणे. ते कुणी ऐकले नाही. मंडई उभी राहिली, आणि पुढे तिला त्यांचेच नाव दिले गेले. आपल्या महापुरुषांच्या वाट्याला असे नेहमी येते. नाव देतात, म्हणणे ऐकत नाहीत.

मंडईत आयुष्मतींनी मेथीच्या जुड्या हातात घेऊन पाहिल्या. घ्यायची नव्हतीच, पण हात राहवेना. शेजारी एक बाई भाजी घेत होत्या. त्यांनी आपणहून सांगितले, "ताई, ही नका घेऊ, आत पिवळी आहे." दोघींचे बोलणे सुरू झाले. भाव, थंडी, गुडघेदुखी. बाई सीमाभागातल्या होत्या, बोलण्यात मध्येच कानडी सूर येत होता. मुलगी वसतिगृहात राहून बारावीला आहे असे त्यांनी दोनदा सांगितले. या भगिनी आम्हाला पुन्हा भेटल्या, ते पुढे येईलच.

तिथून पाच मिनिटांवर तुळशीबाग. नाव ऐकून कुणाला बाग वाटेल. पेशवाईत इथे राममंदिर बांधायला घेतले ते १७६१ साली, आणि त्याच्या भोवती हा बाजार वाढला. हा सगळा भाग बुधवार पेठेतच मोडतो. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दुकाने. बांगड्या, खोटे दागिने, केसांच्या पिना, पर्स, पितळी व स्टीलची भांडी, झारे, किसण्या, साचे, पोळपाट. संसाराला लागणारी अशी वस्तू नाही जी इथे मिळत नाही. परदेशच्या बाजारांची चित्रे आम्ही पाहिली आहेत. तिथेही हेच, बोळ, गर्दी, घासाघीस. फक्त इथे घासाघीस आपल्या भाषेत करता येते, आणि त्यात आमच्या आयुष्मतींचा हात धरणारे कोणी नाही. एका डझन काचेच्या बांगड्यांसाठी त्या तीनदा दुकान सोडून निघाल्या आणि तीनदा बोलावल्या गेल्या.

पुरुष वाचकांना एक सूचना. बायको बाजार करीत असताना घड्याळाकडे पाहू नये. "एवढ्यासाठी एवढा वेळ?" असे विचारू नये. वर्षभर ती आपल्या आवडीने काही घेत नाही, दरात बसेल ते घेते. तुळशीबागेत तिने एक तास निवडण्यात घालवला तर ती बांगडी निवडत नसते, निवडण्याचा हक्क बजावत असते. पिशव्या आपण धराव्यात.

खरेदी थोडकीच झाली. बांगड्या, एक लोखंडी कढई, नातीसाठी पितळी भातुकली. मग तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनात मिसळ खाल्ली. पुण्यात मिसळीबरोबर पावाचे स्लाइस देतात आणि वरून रस्सा मागायचा तर त्याला 'सँपल' म्हणतात. आयुष्मतींनी दोनदा सँपल मागितले. दुसऱ्यांदा मागताना त्या थोड्या संकोचल्या. बसून खाणे, कुणीतरी वाढणे आणि ताट तसेच सोडून उठणे या तिन्ही गोष्टींची सवय नाही. उठताना त्यांनी आमची आणि आपली ताटली एकावर एक ठेवलीच. वेटर म्हणाला, "राहू द्या काकू." त्यावर कावरेंचे आइस्क्रीम.

ज्या रस्त्याने आपण चाललो

पेठांच्या रस्त्यांवरून हिंडताना एक गोष्ट विसरता येत नाही, विसरूही नये. पेशवाईच्या या राजधानीत आपल्या पूर्वजांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या निबंधात नोंदवून ठेवले आहे. पाऊल उमटले तर झाडूने पुसायचे, थुंकी आली तर मडक्यात. त्याच पेठेत आम्ही दोघे आइस्क्रीम खात, दुकानांच्या काचांत आपले तोंड बघत, कुणाला वाट न देता चाललो होतो. हे आपोआप झालेले नाही. १९२९ च्या ऑक्टोबरात याच शहरात पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा सत्याग्रहींना मार खावा लागला. आपल्या दोन दिवसांच्या मौजेमागे एवढ्या लोकांचे चालणे आहे.

जवळच विश्रामबागवाडा आहे. कोरीव लाकडी सज्जा पाहून घ्यावा. दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा बांधला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. विद्येचे दार उघडले ते ब्राह्मणांच्या मुलांसाठी. आणि याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. एकतीस वर्षांत एका वाड्याने एवढे पाहिले.

भिडे वाडा

दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर गर्दी असते. लांबून लोक येतात, तास तास रांगेत उभे राहतात. ज्याची त्याची श्रद्धा. त्या रांगेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, भिडे वाड्याची जागा आहे. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी मुलींची शाळा काढली. पुढे ३ जुलै १८५१ रोजी याच बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात त्यांनी आणखी एक मुलींची शाळा उघडली. त्यानंतर रास्ता पेठ, वेताळ पेठ.

जुना वाडा आता नाही. वर्षानुवर्षे तो मोडकळीस आला होता, खाली दुकाने होती, कोर्टकचेऱ्या चालू होत्या. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने जागा ताब्यात घेऊन पडका वाडा उतरवला आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्मारकाची पायाभरणी झाली. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुंपणाचे पत्रे होते. सावित्रीमाईंची जयंती ३ जानेवारीला होऊन गेली होती. कुणीतरी वाहिलेला झेंडूचा हार सुकून लोंबत होता.

पाहण्यासारखे काही नाही म्हणून आम्ही पुढे निघणार होतो. आयुष्मती थांबल्या. पंधरा मिनिटे तिथे उभ्या राहिल्या. गर्दी अंगावरून जात होती. मग त्यांनी बोटे मोजायला सुरुवात केली. त्यांची आजी अंगठा लावायची. आई म्हातारपणी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकली, ती सही पेन्शनच्या कागदावर करताना तिला घाम फुटायचा. स्वतः आयुष्मती १९८१ साली पहिलीत बसल्या आणि सातवीनंतर घरी बसल्या, कारण आठवीची शाळा शेजारच्या गावी होती आणि वाटेत ओढा होता. लेक नर्स झाली.

"म्हणजे ही शाळा आमच्या उंबऱ्यापर्यंत यायला सव्वाशेच्या वर वर्षे लागली," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यापाशी येऊन सातवीत थांबली."

वाचकांनो, ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती असे नाही. सातवी पास हे लग्नाच्या वेळीच सांगितले होते. पण तीस वर्षांत ते दुःख आहे असे आमच्या कानावर कधी आले नव्हते. ते सांगायला सवडीचे पंधरा मिनिटे लागतात, आणि ती आम्ही त्यांना कल्याणच्या घरात कधी दिली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी

संध्याकाळी परतताना आम्ही एका गल्लीच्या तोंडावरून चाललो होतो. ज्या गल्ल्यांमुळे लोक बुधवार पेठेचे नाव घेऊन हसतात त्यांपैकी ती एक. आम्ही पाय उचलला. आयुष्मती थबकल्या. सकाळी मंडईत मेथी निवडून देणाऱ्या भगिनी तिथे पायरीवर उभ्या होत्या, चेहऱ्याला पावडर लावून. त्यांनी आम्हाला ओळखले आणि मान वळवली. आयुष्मती सरळ त्यांच्याजवळ गेल्या, "ताई, जेवलात का?" म्हणून विचारले, हातातल्या पुड्यातल्या दोन भाकरवड्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि परत आल्या. दोघी एक मिनिटही बोलल्या नसतील.

या विषयावर आपल्या कुटुंबांत बोलले जात नाही. बोलले पाहिजे. या गल्ल्यांत येणाऱ्या अनेक बाया गरिबीने, फसवणुकीने, काही देवाला सोडण्याच्या प्रथेने इथे पोहोचल्या आहेत, आणि देवाला सोडलेल्या मुली बहुतेक आपल्याच जातींच्या होत्या. पुण्याच्याच शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले आणि मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठवला. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, जोगतिणी आणि देवदासी यांची सभा घेतली आणि त्या जिण्यातून बाहेर पडा, कष्टाची भाकर खा, असे कळकळीने सांगितले. त्यांनी त्या भगिनींना टाळले नाही, त्यांच्यापुढे उभे राहून बोलले. आपण मात्र नाव काढले की हसतो. आज काही संस्था तिथल्या मुलांसाठी पाळणाघरे आणि अभ्यासाचे वर्ग चालवतात. हसणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे की त्या पायरीवर उभी असलेली बाई कुणा बारावीतल्या मुलीची आई असते.

चौकातली खरेदी

त्या रात्री अप्पा बळवंत चौकात गेलो. पुस्तकांसाठी हा चौक सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पाठ्यपुस्तके, गाईड, वह्या, स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे. नातीसाठी अंकलिपी घेतली. मग आयुष्मतींनी दुकानातल्या मुलाला विचारले, "दहावीचा पूर्ण संच आहे का? जुना असला तरी चालेल."

"मुलीसाठी का, काकू?"

"माझ्यासाठी."

मुलगा हसला नाही. त्याने शिडी लावली, संच काढला, धूळ झटकली आणि सांगितले की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, त्याच्या मावशीनेही तसेच केले आहे. आम्ही पैसे द्यायला खिशात हात घातला, पण त्यांनी आपल्या बटव्यातून दिले. तुळशीबागेतल्या कढईपेक्षा तो गठ्ठा जड होता. तोही आम्हीच धरला.

दुसरा दिवस

रविवारी सकाळी अमृततुल्यात चहा घेऊन भिडे वाड्यापासून शिवाजी रस्त्याने, मंडईवरून, महात्मा फुले पेठेत फुले वाड्यापर्यंत चालत गेलो. पूर्वीची ही गंज पेठ. सावित्रीमाई शाळेत जाताना अंगावर शेणचिखल फेकला जाई म्हणून जादा लुगडे बरोबर ठेवीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चालताना ते पायांना कळते. वाडा साधा आहे, कौलारू, शांत. आपल्या घरचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला होता. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाई बुडून चाळीस वर्षेही झाली नव्हती. ज्यांच्या थुंकीला मडके होते त्यांच्या लेकीचे शब्द छापले गेले.

मग शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून जमवलेला हा ठेवा आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मृतीसाठी उभा केला आणि १९७५ मध्ये सरकारच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, गंजिफा, कुलुपे, वाद्ये, स्वयंपाकघरातली भांडी. आयुष्मतींना तलवारींपेक्षा किसण्या आणि शेवपात्रे आवडली. घडवणाऱ्या तांबट, सुतार, लोहारांची नावे मात्र कुठे नाहीत, हेही त्यांनीच दाखवले.

दुपारी सेनापती बापट रस्त्यावरचे सिंबायोसिसचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय पाहिले. स्तूपाच्या आकाराची ही वास्तू १९९६ मध्ये उघडली. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू इथे आहेत. त्यांचे व्हायोलिन, कपडे, ज्या पलंगावर महापरिनिर्वाण झाले तो पलंग, भारतरत्न. व्हायोलिनपुढे आम्ही बराच वेळ होतो. एवढे काम करणाऱ्या माणसानेही सूर शिकायला वेळ काढला होता. ज्यांच्याजवळ आणखी एक दिवस असेल त्यांनी लोकलने देहूरोडला जावे. तिथल्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली.

संध्याकाळच्या इंद्रायणीने परत. प्रवास, लॉज, खाणे, तिकिटे, बांगड्या, कढई, भातुकली, पुस्तके सारे धरून डब्यातल्या सहा हजारांतून एकशे चाळीस रुपये उरले.

आता तुम्ही

ज्या जोडप्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पैसे आधी साठवा, कर्ज काढून जाऊ नका. नातेवाइकांकडे उतरू नका, उतरलात तर बाईला ओट्यापाशी जाऊ देऊ नका. आधारकार्ड दोघांचेही जवळ ठेवा, लॉजवाले मागतात. संग्रहालयांच्या वेळा आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. गणेशोत्सवात आणि दिवाळीआधी तुळशीबागेत पाऊल ठेवायला जागा नसते, तेव्हा टाळा. पाय दुखतात, साध्या चपला घाला. मुलांना बरोबर घेऊ नका. ती त्यांच्या मोठ्या भावंडांकडे किंवा शेजारी दोन दिवस नीट राहतात. आणि एकदा तरी कुठेतरी पंधरा मिनिटे काही न पाहता उभे राहा.

सध्या आमच्या घरी रात्री जेवणे झाली की बीजगणिताची पहिली प्रकरणे चालू होतात. भांडी आम्ही घासतो. कढई लोखंडी आहे, लगेच पुसून ठेवावी लागते, नाहीतर गंजते. वर्गसमीकरणाला शिकवणी लागेल असे लेकीचे मत आहे. वस्तीत दहावीच्या गणिताची कुणी संध्याकाळी शिकवणी घेत असेल आणि पन्नाशीची विद्यार्थिनी चालत असेल, तर जरूर कळवावे. जयभीम.